संग्रहालयातलं दालन उभं करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखादं दालन उभं करायची जबाबदारी अंगावर पडली की जे प्रश्न हमखास येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा सांगितलेली नाही. तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आमच्याकडे वस्तू भरपूर आहेत, पण सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. आधी वस्तू निवडायच्या की विषय?

आधी एक वाक्य लिहा. दालन पाहून बाहेर पडलेला माणूस घरी जाऊन काय सांगेल, ते एका पूर्ण वाक्यात, क्रियापदासकट कागदावर उतरवा. ‘शेतीची जुनी अवजारं’ ही यादी झाली. ‘जमीन बदलली की नांगराचा फाळ बदलतो’ हे वाक्य झालं. ते हातात आलं की कोणते नांगर मांडायचे, कोणते भांडारात ठेवायचे, शेजारी मातीचे नमुने हवेत का, हे सगळं त्यातूनच ठरत जातं.

वाक्य सुचत नसेल तर वस्तू टेबलावर घेऊन बसा. दुरुस्त केलेली कड, हाताने गुळगुळीत झालेली मूठ, कुणीतरी कोरलेलं नाव अशा खुणांतून पुष्कळदा विषय सापडतो. फक्त वाक्य ठरायच्या आत शोकेसची ऑर्डर देऊ नका. क्रम उलटा झाला की शोकेसमध्ये मावतील अशा वस्तू शोधत बसावं लागतं, आणि पाहणाऱ्याला ते कळतं.

२. वस्तू किती मांडाव्यात? देणगीदारांचा आग्रह असतो की सगळं दाखवा.

वाटतात त्यापेक्षा कमी. बेव्हर्ली सेरेल या अमेरिकी प्रदर्शन-अभ्यासक. त्यांनी १९९० च्या दशकात शंभराहून अधिक प्रदर्शनांतल्या प्रेक्षकांच्या हालचालींची आकडेवारी एकत्र केली. बहुतेक ठिकाणी लोक २० मिनिटांच्या आत बाहेर पडत होते. तेवढ्या वेळात एक माणूस मन लावून किती वस्तू पाहील, याचा हिशेब देणगीदारांसमोरच मांडा. पटत नसेल तर वस्तू पाळीपाळीने मांडण्याचं कबूल करा. नाजूक वस्तूंना तसंही ते करावंच लागतं (प्रश्न ६).

अपवाद एकच, तो म्हणजे गर्दी हाच मुद्दा असेल तेव्हा. एका भिंतीवर दोनशे कुलपं लावली तर कुणी एकेक कुलूप पाहणार नाही. पण प्रकार किती असू शकतात हे एका नजरेत कळतं. मग प्रत्येकाला पाटी लावत बसू नका, भिंतीला मिळून एक पुरे.

३. पाटीवर किती मजकूर लिहावा?

एका वस्तूच्या पाटीला साधारण ५० शब्द. दालनाच्या सुरुवातीचा फलक शंभर-सव्वाशे शब्दांपर्यंत चालतो. पण शब्द मोजण्यापेक्षा पहिलं वाक्य महत्त्वाचं. वाचणारा उभा आहे, वस्तू त्याच्या समोर आहे. तेव्हा पहिलं वाक्य त्याला जे दिसतंय त्याबद्दल असावं.

समजा, एक चोरकुलूप मांडायचं आहे. नेहमीची पाटी अशी असते: ‘पितळी कुलूप. एकोणिसावं शतक. सदर कुलूप हे तत्कालीन कारागिरांच्या कौशल्याचा उत्कृष्ट नमुना असून त्यावरील नक्षीकाम वाखाणण्याजोगे आहे.’ हे वाचून कुणीही कुलपाकडे परत पाहत नाही. आता हे पाहा: ‘किल्लीचं भोक शोधा. समोर दिसतं ते फसवं आहे. खरं भोक उजवीकडच्या फुलामागे आहे आणि फूल डावीकडे सरकवल्याशिवाय ते दिसत नाही.’ वाचणारा लगेच फूल शोधायला लागतो. काळ, धातू आणि क्रमांक खाली बारीक अक्षरात द्या, तो भाग अभ्यासकांसाठी.

‘सदर’, ‘तत्कालीन’, ‘उत्कृष्ट नमुना’, ‘अनन्यसाधारण महत्त्व’ हे शब्द दिसले की खोडा. ‘सुंदर’सुद्धा. सुंदर आहे की नाही ते पाहणारा ठरवेल. मजकूर झाला की विषयातलं काही न कळणाऱ्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवा. जिथे तुमचीच जीभ अडखळेल तिथे वाक्य तोडा.

पाटी दोन भाषांत असेल तर मजकूर आणखी छोटा करा. एका भाषेत लिहून दुसरीत शब्दशः उतरवण्यापेक्षा दोन्हींत वेगवेगळं लिहिलेलं बरं. आशय तोच ठेवला की झालं.

४. अक्षर किती मोठं, आणि पाटी लावायची कुठे?

हातभर अंतरावरून वाचायच्या पाटीला १८ ते २४ पॉइंट, भिंतीवरच्या फलकाला ३६ च्या पुढे. देवनागरीला त्याच मापात थोडं जास्त द्यावं लागतं. वर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार आणि जोडाक्षरं, यांत मूळ अक्षराच्या वाट्याला कमी उंची येते. दोन ओळींमधली जागाही सढळ ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेत अडकतो.

पाटी वस्तूजवळच हवी. वस्तूंना आकडे देऊन सगळा मजकूर कोपऱ्यात एकत्र लावला की शोकेस स्वच्छ दिसते आणि पाहणाऱ्याची मान दुखते. डिझायनरला हा प्रकार फार आवडतो, त्यामुळे आधीच नाही म्हणून ठेवा. क्रीम रंगावर राखाडी अक्षरांनाही नाही म्हणा.

५. आम्ही वाट आखून दिली, बाण लावले, तरी लोक मध्येच घुसतात आणि मध्येच निघून जातात. काय करावं?

वाटच अशी ठेवा की कुठूनही घुसलं तरी बिघडणार नाही. हा प्रश्न जुना आहे. १९२० आणि ३० च्या दशकांत एडवर्ड रॉबिन्सन आणि आर्थर मेल्टन हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्टॉपवॉच घेऊन संग्रहालयांत प्रेक्षकांच्या मागे फिरले होते. मेल्टन यांना दिसलं की दालनात शिरलेले बहुतेक लोक उजवीकडे वळतात आणि बाहेरचं दार दिसलं की त्याच्याकडे ओढले जातात. दालनातच पण त्या दाराच्या पुढे मांडलेल्या वस्तू पाहायच्या राहूनच जातात.

म्हणजे बाहेरचं दार आत शिरताना समोर दिसू देऊ नका. जिथे लोकांना न्यायचं आहे तिथे दुरून नजरेत भरेल अशी मोठी वस्तू ठेवा. बाणापेक्षा ती जास्त काम करते. आणि प्रत्येक भाग स्वतंत्रपणे कळला पाहिजे. ‘मागे पाहिल्याप्रमाणे’ असं पाटीवर लिहूच नका.

लोक निघून जातात त्याचं आणखी एक कारण म्हणजे ते थकतात. बोस्टनच्या कलासंग्रहालयातले बेंजामिन आइव्ज गिलमन यांनी १९१६ साली याच थकव्यावर लेख लिहिला. त्यासाठी त्यांनी एका माणसाला वस्तूंबद्दल साधे प्रश्न दिले आणि उत्तरं शोधताना त्याला किती वाकावं, बसावं, मान वेडीवाकडी करावी लागते, त्याचे फोटो काढले. शंभर वर्षांनंतरही खालच्या फळीवर नाणी मांडणारे कमी झालेले नाहीत. पाठ टेकता येईल अशी बाकं ठेवा, आणि ती पाहण्यासारख्या वस्तूसमोर ठेवा.

६. उजेड किती ठेवायचा? ठरलेले आकडे आहेत का?

आहेत. कापड, कागद, जलरंग, रंगीत छायाचित्रं, पिसं, रंगवलेलं चामडं यांना ५० लक्स (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणारा उजेड मोजायचं एकक). तैलचित्रं, लाकूड, हस्तिदंत यांना २०० लक्सपर्यंत. दगड, धातू, मातीची भांडी यांना उजेडाने फारसं काही होत नाही. लक्स मीटर स्वस्त मिळतो. तो विकत घ्या आणि मोजमाप वस्तूच्या पृष्ठभागाशी धरून करा. खोलीच्या मध्यावर मोजलेल्या आकड्याला अर्थ नाही.

ध्यानात ठेवायची गोष्ट अशी की उजेडाचं नुकसान साठत जातं आणि भरून येत नाही. त्यामुळे तीव्रतेइतकाच कालावधीही धरायचा. प्रकाशविषयक आंतरराष्ट्रीय आयोगाच्या २००४ च्या शिफारशीनुसार अतिशय नाजूक रंगांना वर्षाला १५,००० लक्स-तास (लक्स गुणिले तास) ही मर्यादा आहे. ५० लक्समध्ये हे ३०० तास होतात. रोज आठ तास दालन उघडं असेल तर सदतीस-अडतीस दिवसांत वर्षाचा कोटा संपला! म्हणून अशी वस्तू वर्षभर लटकवून ठेवता येत नाही. एकतर ती बदलत राहा, किंवा माणूस समोर आल्यावरच दिवा लागेल अशी सोय करा.

अतिनील किरणांचं काम एलईडीमुळे सोपं झालंय, चांगल्या दिव्यात ते जवळपास नसतात. खिडकी मात्र झाका. पडद्याच्या फटीतून येणारी उन्हाची तिरीप दिवसातून अर्धा तास जरी वस्तूवर पडली, तरी बाकीची सगळी काळजी वाया जाते.

७. ५० लक्सला लोक म्हणतात ‘इथे काही दिसतच नाही’. उजेड वाढवू का?

वस्तूवरचा वाढवू नका, भोवतालचा कमी करा. बाहेरच्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना सावरायला काही मिनिटं लागतात, वयस्कर माणसांना आणखी जास्त. प्रवेशाशी उजेड टप्प्याटप्प्याने उतरेल अशी जागा ठेवा आणि त्या वाटेत उजेड सोसणाऱ्या वस्तू किंवा दालनाची ओळख करून देणारा फलक लावा. शोकेसच्या मागची भिंत पांढरीशुभ्र असेल तर वस्तू काळवंडलेलीच दिसणार, रंग गडद घ्या. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमधल्या इतिहास संग्रहालयात १८१४ च्या लढाईतला तो प्रसिद्ध अमेरिकी झेंडा साधारण १० लक्समध्ये ठेवलेला आहे, आणि लोकांना तो नीट दिसतो, कारण त्या दालनात त्याहून उजळ काहीच नाही.

पाटीला मात्र वेगळा दिवा द्या. तक्रारींपैकी निम्म्या वस्तूच्या नसून पाटीच्या असतात. चकाकीची तक्रार असेल तर दिव्याआधी समोरची भिंत पाहा. काचेत बहुतेक वेळा पलीकडची खिडकी किंवा उजळ पडदाच दिसत असतो.

८. आमच्याकडे जुनी, सुंदर लाकडी कपाटं आहेत. त्यांतच मांडलं तर?

कपाट म्हणून दाखवा, शोकेस म्हणून जपून वापरा. लाकडातून, विशेषतः ओकमधून, ॲसेटिक आम्लाची वाफ निघत राहते. बंद पेटीत ती कोंडते. शिसं त्याने पांढरं पडतं आणि शंख-शिंपल्यांवर खारट पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं. लॉफ्टस बाइन या इंग्रज शंखसंग्राहकाने १८९९ मध्ये या प्रकाराचं वर्णन केलं आणि तो जंतूंचा रोग मानला. खरं कारण कपाटच होतं. एमडीएफ आणि स्वस्त प्लायवूड याहून वाईट, कारण लाकडाच्या वाफेत डिंकाचीही भर पडते. लोकरीचं फेल्ट आणि रबर यांतल्या गंधकाने चांदी काळी पडते. पीव्हीसीही नको.

चालण्यासारखं म्हणजे काच, पावडर कोटिंग केलेला धातू, ॲक्रिलिक, पॉलिइथिलिनचा फोम, धुतलेलं बिनरंगी सुती कापड. ॲक्रिलिकवर स्थिर विद्युतभार जमतो, त्यामुळे पेस्टल किंवा कोळशाच्या चित्राच्या अगदी जवळ ते लावू नका; रंगाचे कण ओढले जातात.

शंका असेल तर ऑडी चाचणी करून घ्या. ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ऑडी यांनी ती १९७३ मध्ये मांडली. साहित्याचा तुकडा, थोडं पाणी आणि चांदी, शिसं, तांबं यांच्या पट्ट्या काचेच्या नळीत बंद करायच्या, ६० अंश सेल्सियसला २८ दिवस ठेवायच्या. पट्ट्या गंजल्या तर साहित्य बाद. अठ्ठावीस दिवस लागतात, म्हणून हे वेळापत्रकात सुरुवातीलाच धरा.

९. एसी दिवसा चालू, रात्री बंद ठेवतो. चालेल?

नाही. लाकूड, हस्तिदंत, चामडं, रंगवलेले फलक यांना आर्द्रतेचा ठरावीक आकडा थोडा इकडेतिकडे झालेला सोसतो, रोजचा चढउतार सोसत नाही. एसी बंदच ठेवून घट्ट बसणाऱ्या शोकेसच्या तळाशी योग्य आर्द्रतेला तयार केलेल्या सिलिका जेलचा ट्रे ठेवलात तर ते पुष्कळदा जास्त उपयोगी पडतं. ट्रे काढता यावा म्हणून खालून वेगळं दार ठेवा, वस्तूंना हात न लावता. सापेक्ष आर्द्रता सतत ६५ टक्क्यांच्या वर राहिली तर बुरशीची तयारी समजा. उत्खननातलं लोखंड हा अपवाद, त्याला अगदी कोरडी हवा लागते, म्हणून त्याची पेटी वेगळी.

१०. टचस्क्रीन, बटणं हे सगळं हवंच का? नसेल तर मुलं कंटाळतील असं सांगतात.

स्क्रीनशिवाय जे दाखवता येत नाही, त्याच्यासाठीच स्क्रीन. हाताने करून पाहायची परंपरा स्क्रीनपेक्षा खूप जुनी आहे. ऑस्कर फॉन मिलर यांनी १९०३ मध्ये स्थापन केलेल्या म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये लोकांनी स्वतः चालवायची यंत्रं होती. सॅन फ्रान्सिस्कोचं एक्सप्लोरेटोरियम फ्रँक ओपेनहायमर यांनी १९६९ मध्ये उभं केलं, तिथली कार्यशाळा प्रेक्षकांच्या नजरेसमोरच ठेवली आणि अर्धवट यंत्रं लोकांपुढे आणून सुधारली.

एक बटण, एक परिणाम, आणि तोही लगेच. दाबल्यावर दोन सेकंदांत काही झालं नाही तर मूल पुढच्या बटणाकडे पळतं आणि मागे चित्रफीत सुरू होते ती कुणीच पाहत नाही. कृती सांगणारी ओळ हाताच्या शेजारी हवी, डोक्यावरच्या फलकावर नको. आवाज असेल तर रोज आठ तास तीच धून ऐकणाऱ्या पहारेकऱ्याचा विचार करा. तुम्ही केला नाहीत तर तो स्वतःच प्लग काढतो, आणि त्याची चूक नाही.

११. सगळं छापून, बसवून झाल्यावर चुका दिसतात. आधी कळायला काही उपाय?

पुठ्ठा. पाटी साध्या कागदावर छापा, शोकेस जुन्या खोक्यांची करा, वस्तूच्या जागी तिच्या मापाचं चित्र चिकटवा, आणि संस्थेबाहेरच्या पाच-सहा जणांना आत सोडा. काही समजावून सांगू नका. ते कुठे थांबतात, कुठे परत वाचतात, कुठे एकमेकांना विचारतात तेवढं टिपा. शेवटी विचारा, ‘हे कशाबद्दल होतं?’ प्रश्न १ मधलं वाक्य त्यांच्या शब्दांत परत आलं तर पुढे जा. ‘छान होतं’ हे उत्तर मोजू नका. पाहुणा म्हणून माणूस तेच म्हणणार.

पाटीची पाचवी आवृत्ती चौथीपेक्षा बरी असते, आणि कागदावर तिचा खर्च शून्य. दालनाच्या कामात मला एकच टप्पा निवडायला सांगितला तर मी हा निवडेन. स्क्रीनचा खर्च कापून याला आठवडा द्या.

१२. व्हीलचेअरवरून येणारे, मुलं आणि न दिसणारे, सगळ्यांचा विचार कसा करायचा?

मापांपासून सुरुवात करा. वाट किमान ९० सेंमी, वळायला १५० सेंमी व्यासाची मोकळी जागा. टेबलासारख्या शोकेसखाली गुडघे जातील अशी ७० सेंमी पोकळी. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंमीवर ठेवला तर उभ्या आणि बसलेल्या दोघांनाही जमतं. ६८ सेंमीच्या वर भिंतीतून १० सेंमीपेक्षा जास्त पुढे आलेली शोकेस पांढऱ्या काठीला लागत नाही, थेट कपाळाला लागते. तिच्याखाली जमिनीपर्यंत काहीतरी आणा.

स्पर्शासाठी प्रतिकृती ठेवाल (प्रश्न १६) तर ती सगळ्यांसाठीच ठेवा. ‘फक्त अंधांसाठी’ लिहिलं की तिला कुणीच हात लावत नाही.

१३. बसवण्याचा क्रम काय असावा?

बांधकाम आणि वायरिंग, मग रंग, मग शोकेस, मग वस्तू ज्यांवर बसणार ते रिकामे आधार जागेवर लावून दिव्यांची पहिली जुळणी, मग स्वच्छता, आणि सगळ्यात शेवटी वस्तू. रंगाला हवा खायला किमान तीन-चार आठवडे द्या, कारण त्यातूनही वाफ निघते (प्रश्न ८). वेळापत्रक घसरलं की पहिला बळी याच आठवड्यांचा जातो, आणि काच लावून वस्तू आत कोंडल्यावर वासही कळत नाही.

वस्तू आल्यावर दालनात ड्रिल, शिडी आणि चहा, तिन्ही बंद. प्रत्येक वस्तूची स्थिती फोटोसकट नोंदवून मगच ती आधारावर ठेवा. आधाराने वजन पेलायचं असतं, पकडून ठेवायचं नसतं. वस्तू आपणहून बसली पाहिजे, पितळी आकडा फक्त घसरू नये म्हणून. तो आकडा उघडा धातू नको, त्यावर पातळ नळी चढवा.

१४. काच न लावता वस्तू ठेवली तर जास्त जवळची वाटते. धोका घ्यावा का?

दगडी शिल्पं, अवजड यंत्रं खुशाल उघडी ठेवा. बाकीच्यांचा विचार लोकांच्या सभ्यतेवर करू नका, त्यांच्या पायांवर करा. केंब्रिजच्या फिट्झविल्यम म्युझियममध्ये जिन्यातल्या खिडकीच्या कट्ट्यावर चिंग काळातल्या तीन मोठ्या चिनी बरण्या कित्येक वर्षं उभ्या होत्या. २००६ च्या जानेवारीत एक प्रेक्षक जिन्यावर अडखळून पडला आणि तिन्ही फुटल्या. त्या पुढे जोडल्या गेल्या, पण उघड्यावर ठेवायची वस्तू कधीही जिना, वळण किंवा दार यांच्याजवळ नको, हे त्यावरून कळतं. अंतर राखायला दोरीपेक्षा जमिनीचा पोत बदलणं किंवा बुटका ओटा जास्त चालतो.

१५. दालन यशस्वी झालं हे कसं ओळखायचं? अभिप्राय वहीत तर सगळे कौतुकच करतात.

वही बाजूला ठेवा, कोपऱ्यात बसा. आत येणारा प्रत्येक पाचवा माणूस धरा आणि तो कुठे थांबला, किती वेळ, तेवढं नकाशावर लिहा. चाळीस-पन्नास नकाशे झाले की कुठल्या शोकेससमोर कुणीच थांबत नाही ते उघड दिसतं. आधी पाटी बदला, मग दिवा, मग जागा. वस्तूला दोष शेवटी. सर्वांत चांगली खूण म्हणजे पाटी वाचून माणूस वस्तूकडे परत पाहतो आणि सोबतच्याला बोट दाखवतो.

१६. मूळ वस्तू मिळत नाही. प्रतिकृती मांडली तर फसवणूक होते का?

पाटीच्या पहिल्या ओळीत लिहिलं तर नाही, तळटीपेत लपवलं तर होते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली साच्यांची दालनं १८७३ पासून प्लास्टरच्या प्रतिकृतींचीच आहेत. रोममधल्या ट्रेजनच्या स्तंभाची तिथली प्रतिकृती दोन तुकड्यांत उभी आहे, आणि मूळ स्तंभाची नंतर झिजलेली काही कोरीव कामं तिच्यात शाबूत आहेत. मूळ वस्तूशेजारी प्रतिकृती ठेवायची वेळ आली तर मात्र दोघांना वेगळा आधार, वेगळा रंग द्या.

१७. संग्रहात मानवी अवशेष किंवा एखाद्या समाजाला पवित्र असलेल्या वस्तू आहेत. मांडाव्यात का?

कायद्याने परवानगी आहे एवढ्यावर निर्णय घेऊ नका. ज्यांच्या त्या वस्तू आहेत त्या समाजाला आधी विचारा, दालनाचा आराखडा होण्यापूर्वी, म्हणजे ‘नको’ म्हणायला त्यांना खरी जागा राहील. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने सरकारी निधी घेणाऱ्या संग्रहालयांना मूलनिवासींचे अवशेष आणि पवित्र वस्तूंबाबत त्यांच्याशी बोलणं आणि परतीची मागणी विचारात घेणं बंधनकारक केलं. ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स म्युझियमने २०२० मध्ये तिथली प्रसिद्ध, आक्रसवून लहान केलेली माणसांची मुंडकी मांडणीतून काढली, जरी ती पाहायलाच कित्येक लोक येत असत. काढलेल्या जागी काहीच न ठेवता का काढलं एवढंच लिहिणं, हाही एक पर्याय आहे.

१८. उद्घाटनाला दोन आठवडे उरलेत आणि निम्मं काम बाकी आहे. काय गाळू?

स्क्रीन, मोठी छायाचित्रं, छतावरची सजावट आणि एक अख्खा विभाग. अर्धवट पाच विभागांपेक्षा पूर्ण झालेले चार बरे. पाचव्याचं दार बंद करून त्यावर रंग द्या. आधार, कुलपं, लक्सची मोजणी आणि पाट्यांची शेवटची तपासणी यांतलं काही गाळू नका. पाटी तपासायला मजकूर लिहिणारा सोडून दुसरा माणूस घ्या आणि त्याला आधी फक्त नावं, साल आणि आकडे वाचायला सांगा. पाट्या छापून येईपर्यंत कागदी प्रती लावून उद्घाटन केलं तरी चालतं. पाहुणे पाट्या वाचत नाहीत, ते फोटो काढतात. पक्क्या पाट्या पंधरा दिवस उशिरा लावल्यात तर तोवर लोकांनी दाखवलेल्या चुकाही त्यांत सुधारून घेता येतात.